पदकाची फीत दिसली, अपील दिसले नाही

२०१६ च्या ऑगस्टमध्ये 'रुस्तम' प्रदर्शित झाला आणि त्यातल्या चुकांची चर्चा लगेच सुरू झाली. कथा १९५९ च्या मुंबईतली, पण नायकाच्या नौदलाच्या गणवेशावर कारगिल युद्धाशी निगडित पदकाची फीत होती. म्हणजे कथेनंतर चाळीस वर्षांनी झालेल्या युद्धाची. त्या काळी नौदलात एक तर दाढी आणि मिशा दोन्ही ठेवायच्या, नाहीतर दोन्ही काढायच्या, असा नियम होता; नायकाला मात्र नुसत्याच मिशा होत्या. जाणकारांनी हे दाखवून दिले, वर्तमानपत्रांनी छापले, लोकांनी ते एकमेकांना पाठवले. चुका खऱ्या होत्या आणि दाखवणाऱ्यांचे काही चुकले नव्हते. पण त्याच चित्रपटात त्याहून मोठी एक गोष्ट चुकलेली होती आणि तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. ज्युरी नायकाला निर्दोष ठरवते, तो सुटतो आणि चित्रपट संपतो. ज्या नानावटी खटल्यावरून ही कथा घेतली, तो खटला तिथे संपला नव्हता. कायद्याचा विद्यार्थी तो आजही वाचतो ते ज्युरीच्या निर्णयानंतर जे घडले त्यासाठी.

चित्रपटातल्या चुका टिपण्याची हौस वाईट आहे असे मी म्हणणार नाही. बारकाईने पाहणारा प्रेक्षक कोणत्याही कलेला हवाच असतो. माझे म्हणणे एवढेच, की कोर्टाच्या चित्रपटांत ही नजर चुकीच्या जागी खिळते. या चित्रपटांत चुकांच्या दोन जाती असतात. पहिली चित्रीकरणाची : साक्षीदाराच्या समोरचा पाण्याचा पेला एका शॉटमध्ये भरलेला, पुढच्यात अर्धा, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे गेलेले, वकिलाचा पांढरा बँड कधी सरळ, कधी तिरका. एकच प्रसंग अनेक दिवस, वेगवेगळ्या बाजूंनी, उलटसुलट क्रमाने चित्रित होतो, म्हणून हे घडते. संकलकाला ते दिसत नाही असेही नाही. 'द गॉडफादर' आणि 'अपोकॅलिप्स नाऊ' या चित्रपटांवर काम केलेले वॉल्टर मर्च यांनी शॉट कुठे कापायचा याचे सहा निकष सांगितले आणि त्यांना टक्केवारीत वजन दिले. भावनेला ५१ टक्के, कथेला २३, आणि पडद्यावरच्या जागेत कोण कुठे उभे आहे याच्या अचूकतेला अवघे ४. अभिनेत्याचा उत्तम क्षण हाती असेल तर संकलक पेल्यातले पाणी जाणूनबुजून सोडून देतो. अशा चुकांना दिशा नसते. पेला कधी भरतो, कधी रिकामा होतो; त्यातून प्रेक्षकाच्या मनात जगाविषयी कोणताही खोटा समज रुजत नाही. दुसरी जात न्यायप्रक्रियेच्या चुकांची. त्या मात्र जवळजवळ सगळ्या एकाच बाजूला झुकतात. निकाल झटपट लागतो, एका माणसाच्या वक्तृत्वावर लागतो, एकाच दालनात लागतो आणि कायमचा लागतो.

नानावटी खटल्याचा प्रत्यक्ष प्रवास पाहिला की हे झुकणे किती आहे ते कळते. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. बृहन्मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा निर्णय कोणत्याही समंजस माणसाला पटणार नाही असा वाटला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ ने अशा वेळी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला होता आणि त्यांनी तो वापरला. उच्च न्यायालयाने पुरावा नव्याने तपासला, ज्युरीला कायदा समजावून सांगताना खुद्द सत्र न्यायाधीशांकडूनच गंभीर त्रुटी राहिल्या होत्या असे ठरवले आणि ११ मार्च १९६० रोजी नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी, सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा निकाल लागेपर्यंत, या शिक्षेला स्थगिती दिली. त्यातून घटनेचा मूलभूत प्रश्न उभा राहिला : प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालाने शिक्षा थांबवावी काय? सप्टेंबर १९६० मध्ये घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने सांगितले, की नाही, त्या अवधीपुरता तो अधिकार न्यायालयाचा. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. शेवटी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. न्यायाधीश ज्युरीशी असहमत होतो, उच्च न्यायालय न्यायाधीशाच्या चुका काढते, राज्यपाल मध्ये पडतो, घटनापीठ राज्यपालाला थांबवते. यात नाट्य कमी आहे असे कोण म्हणेल? 'रुस्तम'ने हे सगळे वगळले, आणि वगळताना प्रेक्षकाला असे सांगितले, की ज्युरी म्हणाली आणि माणूस सुटला.

वगळलेल्या भागात कायद्याचा एक फार माणुसकीचा विचारही हरवला. रागाच्या भरात झालेल्या हत्येला भारतीय दंडविधानाने खुनापेक्षा सौम्य मानले होते, पण चिथावणी गंभीर आणि आकस्मिक असली पाहिजे ही अट होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या दुपारचा हिशेब मांडला. पत्नीने आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नानावटी तिला आणि मुलांना सिनेमागृहात सोडतात, संध्याकाळी न्यायला येईन म्हणतात, जहाजावर जातात, रात्री एकट्याने अहमदनगरला मोटारीने जायचे आहे असे सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतात, आहुजांच्या कार्यालयात डोकावतात आणि मग त्यांच्या घरी पोहोचतात. घर सोडले साधारण दीड वाजता, गोळ्या झाडल्या गेल्या चार वीसच्या सुमारास. राग शांत व्हायला एवढा अवधी पुरेसा होता, असे न्यायालय म्हणाले. झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या हा बचावही टिकला नाही. अपघात झाला हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर होती, आणि आंघोळ करून बाहेर आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल झटापटीनंतरही जागेवर होता. माणसाच्या संतापाला कायदा किती सवलत देतो आणि ती कुठे थांबवतो, हे या निकालाइतके स्पष्ट फार कमी ठिकाणी वाचायला मिळते. चित्रपटाने त्या जागी नौदलातल्या भ्रष्टाचाराचे उपकथानक आणून नायकाला देशभक्त केले. देशासाठी मारले म्हटल्यावर वेळेचा आणि टॉवेलचा प्रश्नच उरत नाही. छातीवरची चुकीची फीत ही या बदलापुढे अगदी किरकोळ गोष्ट आहे.

चुकांसोबत 'तुम्हाला माहीत आहे का' छापाची माहितीही फिरते आणि तीही तपासून घ्यावी लागते. नानावटी खटला हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला होता, त्याच्यामुळेच ज्युरी बंद झाली, असे 'रुस्तम'च्या निमित्ताने असंख्य ठिकाणी लिहिले गेले. दोन्ही विधाने चुकीची आहेत. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने ज्युरी रद्द करण्याची शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे आहुजांवर गोळ्या झाडल्या जाण्याच्या आदल्या वर्षी, केली होती. या खटल्यानंतरही देशात, विशेषतः पश्चिम बंगालमध्ये, ज्युरीपुढे खटले चालत राहिले. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही तेव्हा ते थांबले. आणि ज्युरीसारखी एक व्यवस्था तर अजून आहे. १९३६ च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याखालच्या दाव्यांत न्यायाधीशाच्या जोडीला समाजाचे प्रतिनिधी बसतात. मग तो गैरसमज एवढा लोकप्रिय का? कारण त्याची घडणही चित्रपटासारखीच आहे : एक गाजलेला खटला, एक धक्कादायक निकाल आणि व्यवस्था बदलली. विधी आयोगाचा अहवाल आणि टप्प्याटप्प्याने झालेली माघार हे सांगायला लांब पडते.

हा झुकाव केवळ हिंदी चित्रपटांचा नाही. सिडनी ल्युमेट यांचा '१२ अँग्री मेन' (१९५७) हा जगातल्या उत्तम कोर्टपटांत गणला जातो आणि तो आहेही तसा. त्यातल्या बारीकसारीक गोष्टी आवर्जून सांगाव्यात अशा आहेत. ल्युमेट यांनी सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मध्ये डोळ्यांच्या रेषेत आणला आणि शेवटी खाली नेला. भिंगे क्रमाने लांब पल्ल्याची वापरली, त्यामुळे ज्युरीची खोली हळूहळू आकसत गेल्यासारखी वाटते. ही माहिती चित्रपट पाहण्यात भर घालते. पण त्यातला सर्वांत गाजलेला क्षण कायद्याने निषिद्ध आहे. हत्येतला चाकू दुर्मीळ आहे असा सरकारपक्षाचा दावा असतो, आणि आठव्या क्रमांकाचा ज्युरर स्वतः बाजारातून आणलेला तसाच चाकू टेबलात रोवतो. ज्युररने न्यायालयाबाहेर स्वतःचा तपास केला तर तो खटलाच रद्द होऊ शकतो. कारण साधे आहे : तो चाकू कोर्टात मांडला गेला असता तर दुसऱ्या बाजूला उत्तर देता आले असते, बंद खोलीत उत्तर द्यायला कोणी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायॉर यांनी २०१० मध्ये सांगितले होते, की तरुणपणी या चित्रपटानेच त्यांना वकिलीकडे ओढले, आणि पुढे खालच्या न्यायालयात असताना त्या ज्युरींना या चित्रपटासारखे वागू नका असे बजावत असत. एकच कलाकृती न्यायाची ओढ लावते आणि न्यायाची रीत चुकीची शिकवते, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. बासू चटर्जी यांनी १९८६ मध्ये 'एक रुका हुआ फैसला' या नावाने ही कथा भारतात आणली, तेव्हा देशाच्या फौजदारी न्यायालयांत ज्युरी नव्हतीच. ती चूक मला क्षम्य वाटते. ज्युरी ही त्या कथेची पूर्वअट आहे आणि तिच्यामुळे कोणा नागरिकाचे नुकसान होत नाही.

'दामिनी'तल्या (१९९३) चुकीबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. तारखांवर तारखा पडण्याविरुद्धचा त्यातला संताप खरा होता आणि तो अजून लोकांच्या तोंडी आहे. पण बलात्काराचा तो खटला चित्रपटात कोठे चालतो? खच्चून भरलेल्या दालनात. बचावाचा वकील गर्दीसमोर अत्याचाराचा तपशील उकरून साक्षीदार स्त्रीला हैराण करतो. कायद्याने असे खटले १९८३ पासून बंद दालनात, ज्याला कोर्टात 'इन कॅमेरा' म्हणतात तसे, चालवायला सांगितले होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये तशी दुरुस्ती झाली होती. तिच्यामागे महाराष्ट्रातलाच इतिहास होता. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, तिच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडणे, त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये लिहिलेले खुले पत्र, आणि देशभर उसळलेली स्त्रियांची चळवळ. त्या चळवळीने मिळवलेले संरक्षण दहा वर्षांनी लोकप्रिय चित्रपटात नाहीसे झाले. तो पाहून एखाद्या अत्याचारग्रस्त मुलीच्या आईने ठरवले असेल, की एवढ्या लोकांसमोर माझ्या मुलीला उभी करणार नाही, तक्रारच नको, तर तिला दोष कसा द्यायचा? मी कोणाचे उदाहरण देत नाही. पण कायदा कोणाला माहीत नाही आणि चित्रपट मात्र सर्वांनी पाहिला आहे, अशा समाजात ही भीती काल्पनिक नाही. चुका शोधणाऱ्यांनी 'दामिनी'त काही शोधायचे असेल तर हे शोधावे.

बाकीच्या नेहमीच्या चुका चटकन सांगून पुढे जाता येईल. भारतीय न्यायाधीश लाकडी हातोडा आपटत नाहीत. तो अमेरिकी चित्रपटांतून आला. गीतेवर हात ठेवून शपथ घ्यायला १९६९ चा शपथ कायदा सांगत नाही. साक्षीदार ईश्वराची शपथ घेतो किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करतो, एवढेच. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की लगेच दोर आवळला जात नाही, उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्याशिवाय तिची अंमलबजावणी होतच नाही. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण पुन्हा तीच दिशा दिसते : वरचे न्यायालय गायब. आणि त्याबरोबर गायब होतो तो कागद. चित्रपटातला साक्षीदार धबधब्यासारखा बोलतो; खऱ्या कोर्टात तो एक वाक्य बोलतो, न्यायाधीश ते स्टेनोला सांगतात, टंकलेखन होते, मग पुढचा प्रश्न येतो. त्या नोंदीवरच पुढे अपील उभे राहते. रोजनामा, मुद्देमालाची नोंद, पंचनाम्यावरच्या सह्या, साक्षीदाराचा पोलिसांकडचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांतला फरक, यांवर खटले जिंकले आणि हरले जातात. पडद्यावर मात्र ते भाषणांवर जिंकले जातात.

यावर पहिला आक्षेप येणार तो नाट्याचा. खरे कोर्ट कंटाळवाणे असते, ते जसेच्या तसे दाखवले तर कोण पाहील? काळ आटवणे, दहा तारखांची एक तारीख करणे, हा कलावंताचा हक्क आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पण काळ आटवणे वेगळे आणि नियम खोटा सांगणे वेगळे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने (२०१४) हे सिद्ध केले. त्यात न्यायाधीश साक्ष सांगतात आणि ती टंकलिखित होते. सरकारी वकील कलमांची लांबलचक वाक्ये एकसुरात वाचते. बिनबाह्यांचा कपडा घालून आलेल्या बाईचे प्रकरण न्यायाधीश ऐकायलाच नकार देतात. शेवटी उन्हाळी सुट्टी लागते आणि कोर्टाला कुलूप पडते. कोणी ओरडत नाही. तरी आरोपी शाहीर नारायण कांबळेची कोठडी लांबत जाते तेव्हा प्रेक्षकाचा जीव गुदमरतो, आणि तो गुदमरतो त्या संथ, अचूक कामकाजामुळेच. या चित्रपटाला व्हेनिसमध्ये पदार्पणाचा पुरस्कार मिळाला आणि भारतात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. तो महोत्सवी चित्रपट होता, गल्ल्याचे काय, असे कोणी म्हणेल. मग 'माय कझिन विनी' (१९९२) घ्या. ती पूर्ण करमणूक आहे, विनोदी आहे. दिग्दर्शक जोनाथन लिन केंब्रिजमध्ये कायदा शिकलेले. सरकारपक्षाने आपल्याकडचे कागद बचावाला द्यायचे असतात, तज्ज्ञ साक्षीदाराची लायकी आधी तपासायची असते, या नियमांतूनच त्यातले हशे उगवतात, आणि अमेरिकेतल्या कायद्याच्या वर्गांत तो आजही दाखवला जातो. नियम पाळल्याने नाट्य मरते हा समज टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. कायदा अपवादांनी भरलेला असतो. चूक म्हणून दाखवलेली गोष्ट चूक नसेल तर? हा धोका खरा आहे. 'जय भीम'मध्ये (२०२१) बेपत्ता माणसाला हजर करा अशा हेबियस कॉर्पस अर्जावर उच्च न्यायालयात साक्षीदारांची उलटतपासणी होते. असे अर्ज सहसा प्रतिज्ञापत्रांवर चालतात, म्हणून थोडा कायदा शिकलेला प्रेक्षक इथे बोट ठेवेल आणि फसेल. ज्या खऱ्या प्रकरणावर चित्रपट बेतला आहे त्यात वकील के. चंद्रू यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे हीच असाधारण मागणी केली होती, केरळच्या अशाच राजन प्रकरणाचा दाखला दिला होता आणि ती मान्यही झाली होती. शेवटच्या क्षणी आलेल्या साक्षीदाराचेही तसेच. न्यायालयाला कोणत्याही टप्प्यावर कोणालाही साक्षीला बोलावता येते, कायद्यातच तशी तरतूद आहे. म्हणून चूक काढणाऱ्याने हातोडा दिसला की हसण्याऐवजी कलम उघडून पाहावे. तसे पाहताना त्याला चित्रपटापेक्षा अधिक काही मिळेल, आणि 'जय भीम'च्या बाबतीत चित्रपटाबद्दलचा आदरही वाढेल.

तिसरा आक्षेप असा, की प्रेक्षक खुळा नाही, सिनेमा म्हणजे सिनेमा हे त्याला कळते. हाणामारीच्या बाबतीत कळते, कारण हाणामारी कशी असते हे त्याने गल्लीत पाहिलेले असते. खुनाचा खटला त्याने कुठे पाहिला? न्यायालये कायद्याने खुली असली तरी कामाशिवाय तिथे कोण जातो? सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली २०१८ मध्ये, आणि घटनापीठांचे कामकाज घरबसल्या दिसू लागले सप्टेंबर २०२२ पासून. पण घटनापीठापुढे साक्षीदार येत नाहीत, तिथे वकिलांचे युक्तिवाद चालतात. साक्ष, उलटतपासणी, मुद्देमाल हे सगळे ज्या सत्र न्यायालयात घडते तिथले चित्र सामान्य माणसाकडे अजूनही पडद्यावरूनच येते. म्हणूनच आरोपीला जामीन मिळाला की तो सुटला असे लोक समजतात, अपील दाखल झाले की पळवाट काढली म्हणतात, आणि पहिल्या निकालालाच न्याय मानून बसतात. या समजांमागे केवळ सिनेमा आहे असा माझा दावा नाही. पण त्यांना आधार देणारे दृश्य कुठले ते विचारले तर बहुतेकांना एखादा चित्रपटच आठवेल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचे कलम ३०२ वरून १०३ वर गेले. येत्या काही वर्षांत नव्या काळातल्या कथेत एखादे पात्र सवयीने ३०२ म्हणेल आणि ती चूक तासाभरात हजारो लोक पकडतील. त्यांनी जरूर पकडावी. पण त्याच चित्रपटात अत्याचारग्रस्त मुलीची साक्ष गर्दीसमोर घेतली जाते का, आरोपीला सरकारपक्षाचे कागद मिळतात का, साक्ष कोणी लिहून घेते का, निकालानंतर वरचे न्यायालय उरते का, हेही विचारावे. परीक्षण लिहिणाऱ्यांनी तर आधी हेच विचारावे. निर्मातेही साहसदृश्यांसाठी जाणकार नेमतात, नृत्यासाठी नेमतात. सत्र न्यायालयातून निवृत्त झालेला एखादा शिरस्तेदार किंवा स्टेनो चार दिवस सेटवर बसवायला त्या मानाने अगदी थोडा खर्च येईल, आणि साक्षीदाराचे वाक्य संपल्यावर पुढचा प्रश्न लगेच का विचारता येत नाही, हे तो पहिल्याच दिवशी सांगेल.